मुएत बेटाची शिरगणती

११ फेब्रुवारी १९८४
सेंट ओबान पॅरिश, लुइझियाना

वसुताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील अशी भीती वाटली, म्हणून पत्ता सीमाकडून टाइप करून घेतला. ती म्हणाली, "व्हाय डोन्ट यू जस्ट कॉल हर?" मी म्हटलं, मावशी कामात असते.

सतरा महिने झाले आपल्याला बोलून. त्याबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. आज फक्त माझी खबर.

मला नोकरी लागली. कोर्टहाउसमध्ये, आठवड्यातून तीन दिवस. इथं काऊंटीला पॅरिश म्हणतात हे तुला आठवत असेल. पूर्वी चर्चच्या हद्दींवरून जिल्हे पाडले, ते नाव तसंच राहिलं. या पॅरिशचं जुनं गॅझेटिअर १८८४ सालचं. त्याला यंदा शंभर वर्षं होतात म्हणून नवं काढायचं ठरलं, आणि इतिहासात एम.ए. झालेली बाई या सगळ्या दलदलीत मीच सापडले. मिस्टर गिद्री म्हणून इथले मुख्य क्लार्क आहेत. इंटरव्ह्यूत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मॅम, बोटीत उलटी होते का?"

जुनं पुस्तक वाचताना मला घरच्यासारखं वाटतं गं. आपल्या रत्नागिरीच्या गॅझेटिअरचीच तऱ्हा. गावाचं नाव, घरं किती, माणसं किती, काय पिकतं, आणि शेवटी साहेबाचा एक शेरा. मुएत नावाच्या बेटाबद्दल लिहिलंय: "घरे ७१. चर्च एक. संत्री उत्तम, कालवं मुबलक. लोक फ्रेंच बोलणारे, सौम्य, सुधारणेविषयी उदासीन." त्याच सुमाराच्या एका प्रवाशानं लिहून ठेवलंय की बेट दिसायच्या आधी मोहोराचा वास यायचा. आता तिथं संत्र्याचं एक झाड नाही. तेलाच्या विहिरींपर्यंत बोटी न्यायला चर खणले, त्यातून खारं पाणी आत आलं आणि बागा उभ्याउभ्या वाळल्या. जमीनही जातेय. नकाशात जिथं गाव आहे तिथं पुष्कळदा नुसतं पाणी असतं. मी प्रत्येक ठिकाणी जाऊन काय उरलंय ते लिहायचं, हे माझं काम.

नरेंद्र बरा आहे. हॉस्पिटल तेच, वीस खाटांचं. अजूनही या पॅरिशमध्ये डॉक्टर म्हणून दोघंच. भाऊजींना नमस्कार, विक्रमला आशीर्वाद.

उत्तर पाठव असं म्हणत नाही.

मृणाल


२० मे १९८४

वसुताई,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे तू वाचलंस असं मी धरून चालते.

मुएत बेटावर जाऊन आले. रस्ता होता, तो बुडाला. आता सरकारी फेरीबोट आहे, दिवसातून चारदा, एका वेळी सहा गाड्या. जायच्या आधी मिस्टर गिद्रींनी बोलावून घेतलं.

"मिस मिरना," (मृणालिनी त्यांना झेपत नाही) "कायम राहणारी माणसं पंचवीस असतील तरच राज्य सरकार फेरी चालवतं. तुमचा आकडा पुस्तकात जाईल, आणि तोच आम्ही वर पाठवू."

"आणि चोवीस निघाली तर?"

"तर त्यांना गाव सोडावं लागेल," ते म्हणाले. "मी तिथलाच आहे, मॅम. माझे आजोबा त्या चर्चमागे पुरलेत. पण मी मोजायला गेलो तर कुणी विश्वास ठेवणार नाही. तुम्ही परक्या आहात, तुमच्यावर ठेवतील."

बेटावर एकच रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना खांबांवर उभी केलेली घरं. निम्मी रिकामी. मी दारोदार फिरले. मिसेस ओडील म्हणून एक बाई आहेत, शहात्तर वर्षांच्या, एकट्या राहतात. गुडघे गेलेले, पण मला बघून लगेच कॉफी टाकली. काळी, घट्ट, आणि साखर विचारायची पद्धतच नाही. त्यांचा मुलगा रेमंड बॅटन रूजला वेल्डर आहे. दर रविवारी फोन करून म्हणतो, ममा, इकडे ये.

मी विचारलं, "मग जात का नाही?"

"फेरी बंद झाली तर जाईन की," त्या म्हणाल्या. "मग इलाजच नाही. पण फेरी चालू असताना आपल्याच हातानं घराला कुलूप लावायचं? ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

त्यांनी चाकूनं कालवं फोडून पुढ्यात ठेवली. आई इथं आली तेव्हा बाजारात अशीच कालवं पाहून म्हणाली होती, "आकारानं केवढी! पण देवगडची बारीक असली तरी चवीला ती ती." नंतर रोज मला म्हणायची, आज कालवं आण. हिंदी बोलणारंसुद्धा कुणी नव्हतं तिला इथं. पण तिनं कधी कुरकुर केली नाही.

आईबद्दल लिहिणार नव्हते. राहू दे, आता खोडत नाही.

बेटावर माणसं बावीस भरली.

मृणाल


२ ऑगस्ट १९८४

वसुताई,

मुएतची फेरी चालू राहणार! परवा वरून कागद आला.

जुलैत मी पुन्हा जाऊन नीट मोजलं. पंचवीस भरले. बोटींवर गेलेले दोघं भाऊ आहेत बेटाच्या पार टोकाला, ते आधी राहून गेले होते. आणखी एक. मिस्टर गिद्रींनी कागद दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

ओडीलबाईंनी फेरीवाल्याच्या हाती अंजिराच्या मुरंब्याची बरणी पाठवली. सीमा ब्रेडला लावून खाते. खरं सांगू? आठ वर्षं झाली या गावात येऊन. इथं माझ्या हातून कुणाचं काही भलं झालं, असं पहिल्यांदाच वाटलं. बाजारात बायका थांबून बोलतात. चर्चच्या जेवणाला बोलावतात.

नरेंद्रला मात्र आनंद झालेला दिसला नाही. जेवताना म्हणाला, "आधी बावीस म्हणाली होतीस ना?"

"बोटीवरचे धरले नव्हते."

तो आमटी ढवळत राहिला. मग म्हणाला, "तिथं कुणाला अटॅक आला तर मी त्याला वाचवू शकत नाही, मृणाल. तुला ठाऊक आहे. आपल्याला तर रस्ता होता, तरी..." आणि पान टाकून उठला.

ताई, तुला वाटत असेल आम्ही विसरलो. चौऱ्याहत्तर मैल आहे मोठं हॉस्पिटल. त्या दिवशी दोन ठिकाणी रस्त्यावर पाणी होतं, अँब्युलन्स दोनदा वळवून आणली. सगळा वेळ तो मागं आईचा हात धरून बसला होता, आणि तिचा श्वास थांबला तेव्हा अजून एकतीस मैल बाकी होते. अजूनही तो त्या रस्त्यानं गाडी नेत नाही. लांबच्या वाटेनं जातो.

मृणाल


६ जानेवारी १९८५

वसुताई,

नवीन वर्षाचं कार्ड मिळालं. भाऊजींच्या अक्षरात, "हेमचंद्र अँड फॅमिली." फॅमिलीत तू असशीलच, म्हणून मी ते फ्रिजवर लावलं.

नेपरव्हिलला बर्फ कसं आहे? नरेंद्रला तुमच्याच बाजूच्या एका हॉस्पिटलातून विचारणा आलीय. तो म्हणतो, चल, खूप झालं हे पाणी. मी म्हटलं, पुस्तक अर्धंच झालंय, सीमाची शाळा अजून दीड वर्ष आहे.

"पुस्तकाचं कारण सांगू नकोस," तो म्हणाला. "तिथं गेल्यावर ताईनं दार उघडलं नाही तर काय, याची तुला भीती आहे."

मी उठून ताटं उचलली. तूच सांग, काय बोलणार होते?

ओडीलबाईंना परवा भेटले. त्यांनी पुढची पायरी दुरुस्त करून घेतलीय, खिडक्यांना नवीन जाळ्या बसवल्यात. मला म्हणाल्या, "आता मरेपर्यंतची सोय झाली."

मृणाल


३ नोव्हेंबर १९८५

वसुताई,

बातम्यांत पाहिलं असशील. आम्ही तिघं सुखरूप आहोत. घरात चार बोटं पाणी आलं, गालिचे गेले, बाकी काही नाही. तू फोन करशील असं वाटलं होतं. लाइन बंद होती, कदाचित तू केलाही असशील.

मला हे कुणाला तरी सांगायला हवं. नरेंद्र चार दिवस हॉस्पिटलातच आहे आणि सीमाला मी सांगू शकत नाही.

वादळ मोठं नव्हतं, पण ते जाईना. समुद्रावर घिरट्या घालत राहिलं आणि तीन दिवस पाणी आत लोटत राहिलं. सोमवारी सकाळी बेट सोडायचा हुकूम निघाला. फेरी अकरापर्यंत चालली, मग धक्काच बुडाला. मी कोर्टहाउसमध्ये होते, तिथं वरच्या मजल्यावर सगळ्यांची सोय केली होती. मिस्टर गिद्री माझ्या पुस्तकातली मुएतची यादी घेऊन जिन्यात उभे होते, येईल त्याच्या नावावर खूण करत होते.

"एकोणीस आले," ते म्हणाले. "यादीत पंचवीस आहेत. सहा कुठायत?"

शेरीफची माणसं एक बोट घेऊन निघाली होती. त्यांनी सहा नावं घेतली. ओडीलबाई, त्यांच्या शेजारचं एक म्हातारं जोडपं, आणि आणखी तिघं. वाऱ्यामुळे टोकाकडून आत शिरणं सोपं, म्हणून आधी टोकाचं घर घ्यायचं ठरलं. बोट गेली.

तेवढ्यात मी ओडीलबाईंचा नंबर फिरवला आणि तो लागला.

"मिस मिरना! माझी पायरी टिकली बघ," त्या म्हणाल्या. "पाणी तिच्यावर आलंय, पण ती टिकलीय."

"तुम्ही फेरीवर का नाही आलात?"

"गुडघा उठू देईना. म्हटलं, दुपारच्या फेरीनं जाऊ. इतक्या लवकर कधी येत नाही गं पाणी."

"बोट निघालीय. दाराशी उभ्या राहा."

दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं, बोट दिसते का. नाही म्हणाल्या. वीस मिनिटांनी म्हणाल्या, "आवाज येतोय, पण टोकाकडे. तिकडे कशाला गेलेत? तिकडे तर कुणी नाही."

मी रिसीव्हर धरून उभी होते, ताई. मिस्टर गिद्री माझ्यापासून चार हातांवर होते.

मग त्या म्हणाल्या, पाणी स्वयंपाकघरात आलं. मी म्हटलं, ओट्यावर चढा, टेबलावर चढा. "कशी चढू?" त्या म्हणाल्या, अगदी साधेपणानं, जसं एखाद्या मुलाला समजवावं. मग म्हणाल्या, "तू फोन ठेवू नकोस." मी नाही ठेवला. तो आपोआप बंद पडला, दोनला पाच कमी असताना.

बोट पाऊण तास टोकाच्या घराभोवती हाका मारत फिरली. ते तिघं तिथं नव्हतेच. मग त्या जोडप्याला छपरावरून उतरवलं, आणि तोवर ओडीलबाईंच्या घराकडे जाण्यासारखं पाणी राहिलं नव्हतं. गुरुवारी त्या सापडल्या. घर उभं होतं.

मृणाल


२४ नोव्हेंबर १९८५

वसुताई,

मागच्या पत्रात लिहिलं की ते तिघं तिथं नव्हतेच. कसे असतील? ते तिथं राहतच नाहीत. दोघं भाऊ फक्त कालवांच्या हंगामात येतात, एरवी टेक्ससला असतात. आणि पंचविसावं नाव मी लिहिलं ते रेमंडचं. ओडीलबाई एकट्या राहतात हे सगळ्यांना माहीत, म्हणून त्यालाही त्या टोकाच्याच घरात दाखवलं. त्याला बेट सोडून नऊ वर्षं झालीत. जुलैत मी मोजायला गेलेच नव्हते. घरी टेबलाशी बसून तीन नावं लिहिली. मला वाटलं, या बाईला तिच्या घरातून कुणी हलवू नये. आणि बोट टोकाकडे निघाली तेव्हा मी एका वाक्यात तिला वळवू शकत होते. ओडीलबाईंचं "तिकडे तर कुणी नाही" ऐकल्यावरही मी दोन-तीन मिनिटं गप्प राहिले. मग सांगितलं. मिस्टर गिद्रींनी वायरलेसवर हाका मारल्या, पण वाऱ्यात काही पोचलं नाही. म्हणून ती दोन-तीन मिनिटं आधी सांगितलं असतं तरी पोचलं असतं की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. मला तर कधीच कळणार नाही.

मी राजीनामा लिहून नेला. त्यांनी वाचला आणि घडी करून मला परत दिला. "सही मी केली होती," ते म्हणाले. "मला सगळी घरं माहीत आहेत. बावीसच होते, हे मलाही माहीत होतं. तरी त्या दिवशी जिन्यात सहाच नावं दिली मी." त्यांचे डोळे सुजलेले होते. मग म्हणाले, "छापखान्याला मजकूर द्यायचाय. मुएतपुढं 'वस्ती नाही' असं लिहा." मी लिहिलं. कुणी मला काही विचारलं नाही, ओरडलं नाही. सगळे म्हणतात, वादळच तसं होतं.

परवा रेमंड मृत्यूचा दाखला न्यायला आला. पन्नाशीचा, आडवा, हातावर वेल्डिंगचे डाग. मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. तुझं नाव मी खोटं लिहिलं, बोट तुला शोधायला गेली होती.

तो म्हणाला, "मला माहीत होतं. ममानं यादी बघून फोनवर सांगितलं होतं. हसत होती. म्हणाली, तू कागदावर परत घरी आलास."

त्यानं टोपी हातात एकदा फिरवली.

"मी तिच्यासाठी खोली तयार केली होती," तो म्हणाला. "गेल्या वर्षी, जूनमध्ये. फेरी बंद होणार असंच सगळे म्हणत होते ना. तिला विचारून पिवळा रंग लावला. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. ती यायला तयार झाली होती, मॅम. मग तुमचा कागद आला आणि ती म्हणाली, आता कशाला."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. उठला, दाखला खिशात घातला, "थँक्यू, मॅम" म्हणाला, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

मी त्यानंतर तीन वेळा हे पत्र सुरू केलंय.

ताई, आईच्या अंत्यविधीला तू मला सगळ्यांसमोर विचारलंस, "मी बोलावलं होतं, मग तिला पाठवलं का नाहीस?" मी म्हटलं, आईच नको म्हणाली. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि नंतर बोललीच नाहीस. तुला तेव्हाच कळलं होतं का?

आई नको म्हणाली नव्हती. तू धाडलेलं विमानाचं तिकीट जुलैतच, आई वारली त्याच्या दोन महिने आधी, पोचलं होतं. मी ते तिला दाखवलंच नाही. ती तीन वेळा म्हणाली, "वसूकडे कधी जायचं गं?" एकदा म्हटलं, पाऊस संपू दे. एकदा म्हटलं, सीमाची परीक्षा आहे. तिसऱ्यांदा काय म्हटलं ते आठवत नाही. नरेंद्र हॉस्पिटलात, सीमा शाळेत. दिवसभर मराठी बोलायला मला आई होती. ती गेली की पुन्हा त्या घरात मी एकटी. एवढंच कारण. दुसरं मोठं काही नाही, असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. तुझ्या घरापासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

नरेंद्रला हे काल सांगितलं. आज सकाळी त्यानं गाडी काढली आणि त्या जुन्या रस्त्यानं निघून गेला. दुपारी परत आला. कुठवर गेला होतास, मी विचारलं नाही.

माफी मागायला हे लिहीत नाही. ती तुझ्याकडेही नसेल, आणि तू दिलीस तरी मी ती कुठं ठेवू? फक्त रेमंड गेल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. इतक्या दिवसांत ती तुला मी कधी विचारली नाही.

तू आईसाठी खोली तयार केली होतीस का? कुठली? तिचा पलंग कुठल्या खिडकीपाशी लावला होतास?

तेवढं लिही. बाकी काही लिहू नकोस.

मृणाल